कमरेएवढ्या पाण्यातली धाप

गेल्या महिन्यात एक निवृत्त मुख्याध्यापक दवाखान्यात आले. वय ६४, रक्तदाबाचा त्रास बारा वर्षांपासून, गोळ्या नियमित. हातात सहलवाल्यांचा छापील अर्ज होता. अंदमानला जायचे होते आणि 'प्रवासास योग्य' असा डॉक्टरचा दाखला हवा होता. मी रक्तदाब मोजला, ईसीजी काढला आणि सही करणार तोच त्यांनी विचारले, "डॉक्टर, तिथे म्हणे पाण्यात तोंड घालून मासे बघतात. तोंडात नळी असते, पोहता यायची गरज नाही, असं आमचे व्याही सांगत होते. मी करू का हो?"

मी पेन खाली ठेवले. एरवी या प्रश्नाला मी 'करा की, पाणी उथळच असते' असे उत्तर दिले असते. पण २०२३च्या जानेवारीत त्याच बेटावर, त्याच उथळ पाण्यात माझ्या सख्ख्या साडूंची जी अवस्था झाली, ती मी विसरलेलो नाही. त्यात माझीही चूक होती. हल्ली आपल्या भागातून दर हिवाळ्यात बरेच लोक अंदमानला जातात आणि त्यांतले निम्म्याहून अधिक पन्नाशीच्या पुढचे असतात. म्हणून आजचा लेख त्या विषयावर.

बेटाचे नाव शहीद द्वीप. पूर्वीचे नाव नील. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला आणि अंदमान-निकोबारला 'शहीद' आणि 'स्वराज' अशी नावे दिली. त्या घटनेला पंचाहत्तर वर्षे झाली तेव्हा, २०१८ साली, नील बेटाचे नाव शहीद द्वीप आणि शेजारच्या हॅवलॉकचे स्वराज द्वीप झाले. पोर्ट ब्लेअरलाही सप्टेंबर २०२४पासून श्री विजयपुरम म्हणतात. सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी पाहून आपली मंडळी पुढे बोटीने या बेटांवर जातात.

शहीद द्वीपची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत सुमारे तीन हजार होती, म्हणजे आपल्याकडचे एक मध्यम खेडे. वस्ती बहुतेक पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची. भाताची खाचरे, भाजीचे मळे, सुपारी, नारळ. आजूबाजूच्या बेटांना इथूनच भाजी जाते. किनाऱ्यांची नावे रामायणातली : भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. कोणाला कसली घाई नसते. सायकल भाड्याने घ्यावी, एका किनाऱ्यावर सूर्योदय पाहावा, दुसऱ्यावर सूर्यास्त, मधल्या वेळेत शहाळे प्यावे. आम्हाला तर दुसऱ्याच दिवशी वार कोणता ते आठवेना.

भरतपूरच्या किनाऱ्याचे वैशिष्ट्य असे, की प्रवाळ पाहायला खोल समुद्रात जावे लागत नाही. चालत पाण्यात शिरावे आणि कमरेच्या वर पाणी आले की खाली प्रवाळ दिसू लागते. प्रवाळ म्हणजे रंगीत दगड नव्हे; ते लाखो इवल्या प्राण्यांचे मोहोळ असते. त्यातून निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे ये-जा करतात. पोपट मासा चोचीने प्रवाळ कुरतडतो तो आवाजही पाण्याखाली ऐकू येतो. २०१०च्या कडक उन्हाळ्यात समुद्र तापून अंदमानातले बरेच प्रवाळ पांढरे पडले होते, तरी आजही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. तोंडावर काचेचा मास्क, दातांत रबरी नळी, आणि पालथे तरंगत राहायचे. यालाच स्नॉर्केलिंग म्हणतात. पोहता न येणाऱ्यांना तिथली मुले हवा भरलेल्या रिंगला धरायला लावतात आणि ओढत फिरवतात.

आमचे अण्णा, म्हणजे माझे साडू, तेव्हा ६१ वर्षांचे. भारदस्त अंग, भरघोस मिशी, रक्तदाबाच्या दोन गोळ्या. त्यांतली एक लघवी वाढवणारी. सकाळी नऊच्या सुमारास पुरी-भाजीचा नाश्ता करून आम्ही किनाऱ्यावर गेलो. तिथे एका कागदावर सह्या घेतल्या. त्यावर हृदयविकार, दमा, रक्तदाब यांबद्दलचे प्रश्न होते. सगळ्यांनी 'नाही' अशा खुणा करून सह्या केल्या, अण्णांनीही केली. मी शेजारी उभा होतो, पण काही बोललो नाही. पाणी छातीइतके, वारा नाही, लाटा नाहीत. मला वाटले, यात काय व्हायचे आहे?

पहिली पाच-सात मिनिटे ठीक गेली. मी पंधरा-वीस फूट पुढे होतो आणि मासे बघण्यात गुंग होतो. मागे वळून पाहिले तर अण्णांची रिंग वेडीवाकडी हलत होती. मिशीमुळे त्यांचा मास्क नीट बसला नव्हता आणि त्यात थेंबथेंब पाणी शिरत होते. नाकात पाणी गेल्यावर ते भराभर श्वास घेऊ लागले, पण सगळ्यांसमोर 'मला जमत नाही' म्हणायचे कसे, म्हणून त्यांनी डोके वर काढले नाही. मग नळीतून एक घोट पाणी आत गेले आणि ते घाबरून पाय झाडू लागले. पायाखाली साडेचार फूट पाणी होते. उभे राहिले असते तर तोंड सहज वर आले असते. ते त्यांना सुचलेच नाही. रिंग धरलेल्या पोराने प्रसंगावधान राखून त्यांना उताणे केले आणि ओढत किनाऱ्याला आणले, म्हणून निभावले.

वाळूवर ते बसले तेव्हा ओठ काळसर पडले होते. मिनिटाला तीसच्या वर श्वास, सारखा खोकला, तळपायाला प्रवाळाने कापलेले. माझ्याकडे स्टेथोस्कोप नव्हता. पाठीला कान लावला तर आत घरघर ऐकू आली. लोक 'आडवे करा, आडवे करा' म्हणत होते. मी त्यांना आडवे होऊ दिले नाही, मागून आधार देऊन बसते ठेवले. अर्ध्या तासात बेटावरच्या सरकारी आरोग्य केंद्रात पोहोचलो. रक्तदाब २००/११०. प्राणवायू लावला, इंजेक्शन दिले, आणि संध्याकाळपर्यंत श्वास पूर्ववत झाला. रात्री ते हळूच म्हणाले, "डॉक्टर, एक सांगू का? ती लघवीची गोळी मी दोन दिवस घेतलीच नाही. बोटीत सारखं कुठं उठायचं?"

हे वाक्य मी माझ्या खोलीतही दर आठवड्याला ऐकतो. लग्नाला, देवदर्शनाला, सहलीला निघाले की लोक सर्वांत आधी लघवीची गोळी बंद करतात. अडचण खरी आहे, मी हसत नाही. पण गोळी बंद करू नका. प्रवासाच्या दिवशी ती कोणत्या वेळी घ्यावी एवढे डॉक्टरांना विचारा. बहुतेक वेळा दुपारी मुक्कामी पोहोचल्यावर घेतली तरी चालते.

आता अण्णांना नेमके काय झाले? थोडे पाणी फुप्फुसात गेले, की हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी साचले, की दोन्ही, हे त्या दिवशी वाळूवर बसून ठरवणे शक्य नव्हते आणि उपचारासाठी ते आवश्यकही नव्हते. पण ही दोन्ही संकटे उथळ, शांत पाण्यात येऊ शकतात. कारण इथे धोका खोलीचा नसून श्वासाचा आहे.

थोडा हिशेब करू. माणूस शांतपणे बसलेला असताना एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा आत घेतो. त्यातली दीडशे मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते. तिचा उपयोग होत नाही. तोंडात नळी धरली की आणखी सव्वाशे-दीडशे मिलिलिटरची जागा वाढली. या जागेत आपण नुकतीच सोडलेली शिळी हवा असते आणि पुढच्या श्वासाला तीच आधी आत येते. सावकाश, खोल श्वास घेणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. पण घाबरलेला माणूस धापा टाकतो. त्याचा एक श्वास तीनशे मिलिलिटरचा असेल तर ताजी हवा आत किती गेली? जवळजवळ शून्य. तो मिनिटाला चाळीस वेळा छाती हलवतो आणि तीच शिळी हवा वरखाली करत राहतो. जितकी धाप तितकी घुसमट, आणि जितकी घुसमट तितकी धाप. यातून बाहेर पडायचा मार्ग एकच : नळी तोंडातून काढा आणि उभे राहा.

दुसरी गोष्ट हृदयाची. विहिरीत पोहायला उतरलेल्या प्रत्येकाला अनुभव असेल, की गळ्याइतक्या पाण्यात थोडा वेळ गेला की लघवीला होते. याचे कारण गार पाणी एवढेच नाही. पाण्याचा दाब पायांवर आणि पोटावर पडतो आणि तिथले रक्त छातीकडे ढकलले जाते, थोडेथोडके नव्हे, अर्धा लिटर किंवा अधिक. शरीराला वाटते, रक्त जास्त झाले. मग मूत्रपिंडे जादा पाणी बाहेर टाकू लागतात. निरोगी हृदय हा बोजा सहज पेलते. ज्याचा रक्तदाब चढलेला आहे, ज्याचे हृदय जाड झालेले आहे, ज्याने लघवीची गोळी दोन दिवस टाळली आहे, त्याच्या फुप्फुसावर या जादा रक्ताचा भार येतो. त्यात अरुंद नळीतून जोर लावून हवा ओढली की छातीत ओढ निर्माण होते आणि रक्तातले पाणी फुप्फुसाच्या पिशव्यांत झिरपायला मदत होते. हवाई बेटांवर बुडून दगावणाऱ्या पर्यटकांत स्नॉर्केलिंग करणाऱ्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. अशा घटनांत 'पाणी प्यायला आणि बुडाला' एवढेच कारण नेहमी नसते, हे तिथल्या डॉक्टरांनी अलीकडच्या काळात दाखवले आहे. सगळा चेहरा झाकणारे नवे मास्क निघाले आहेत, तेही घाबरल्यावर चटकन निघत नाहीत. पहिल्यांदाच जाणाऱ्याने ते घेऊ नयेत.

मग जायचेच नाही का? जरूर जावे. फक्त ज्यांना छातीत दुखण्याचा त्रास आहे, ज्यांना गेल्या काही महिन्यांत हृदयाचा झटका येऊन गेला आहे, दोन जिने चढताना धाप लागते, किंवा फिट येतात, त्यांनी काचेच्या तळाच्या होडीत बसून मासे पाहावेत. भरतपूरला अशा होड्या मिळतात. रक्तदाब आटोक्यात असणाऱ्यांनी त्या दिवशीची गोळी घेऊन, हलका नाश्ता करून उतरावे. अर्जावर खरे लिहावे. मधुमेहींनी उपाशी उतरू नये आणि अनवाणी तर मुळीच नाही; रबरी बूट घालावेत, कारण पायाची जखम त्यांना उशिरा कळते. आणि दारू घेतली असेल तर पाण्यात पाय घालू नये, मग वय पंचवीस असो की पासष्ट.

मास्क कसा बसतो हे किनाऱ्यावरच तपासावे. पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला लावून नाकाने हलकेच हवा ओढा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर बरोबर. मिशीवाल्यांना ही अडचण हमखास येते. वरच्या ओठावर व्हॅसलीनचा थर लावला तर थोडे काम होते, पूर्ण होत नाही. सैल कवळी काढून ठेवावी. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून आधी नुसते तोंड बुडवावे, पन्नास सावकाश श्वास मोजावेत, मग तरंगावे. आणखी एक, पाण्याखाली मास्कच्या काचेतून वस्तू सुमारे पाव अंतराने जवळ आणि तिपटीच्या नव्हे पण तिसऱ्या हिश्शाने मोठ्या दिसतात. त्यामुळे तळ आहे त्याहून वर वाटतो. मन भरवसा ठेवते आणि पाय टेकत नाही. म्हणून किती पाण्यात आहोत ते डोळ्यांनी न ठरवता पायांनी ठरवावे. सोबत्याला हातभर अंतरावर ठेवावे. मी पंधरा फूट पुढे होतो, ते मला आजही खटकते.

तरुण मुलांचा प्रकार वेगळा. आपल्याकडे विहिरीत दम धरण्याच्या पैजा लागतात, तशा तिथेही लागतात. बुडी मारण्यापूर्वी दहा-बारा जोरजोरात श्वास घेतले की दम जास्त टिकतो, असे मुले एकमेकांना शिकवतात. श्वास घ्यावासा वाटण्याची जाणीव प्राणवायू कमी झाल्याने फारशी होत नाही, कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते. जोरात श्वास घेऊन तो वायू आधीच बाहेर टाकला, तर जाणीव उशिरा होते; तोवर मेंदूचा प्राणवायू संपतो आणि मुलगा पाण्याखालीच, कसलीही धडपड न करता, बेशुद्ध होतो. वरच्यांना वाटते, अजून दम धरून आहे. हा प्रकार थांबवा, अंदमानात आणि गावच्या विहिरीतही.

उन्हाबद्दल एक गमतीची पण उपयोगाची गोष्ट. अंदमान आपल्या बरेच पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. त्यामुळे तिथे सूर्य आपल्यापेक्षा सुमारे सव्वा तास आधी डोक्यावर येतो : अकरा ते साडेअकराच्या दरम्यान. आपल्याकडचे साडेअकराचे ऊन तिथे सव्वादहाला असते. लोक 'अजून दहाच वाजलेत' म्हणून निर्धास्त पाण्यात शिरतात. पालथे तरंगताना पाठ, मान आणि पोटऱ्या उन्हात असतात आणि वर पाण्याचा गारवा असल्याने चटका जाणवत नाही. रात्री पाठ टेकवत नाही. पूर्ण बाह्यांचा घट्ट सदरा आणि लांब विजार हाच उत्तम इलाज, मलमापेक्षा स्वस्त. भरती-ओहोटीची वेळही आधी विचारावी. ओहोटीला पाणी इतके मागे जाते की प्रवाळ उघडे पडते, मग लोक त्यावरून चालतात, त्याला मोडतात आणि स्वतः कापून घेतात. कोकणातल्या वाचकांना हे सांगायला नको. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग चालते, तिथेही वेळ पाहूनच उतरतात. मगरीबद्दलचा फलक असेल तर तो चेष्टेवारी नेऊ नका. २०१० साली शेजारच्या हॅवलॉकवर एका परदेशी महिलेचा स्नॉर्केलिंग करताना मगरीने बळी घेतला होता.

प्रवाळाने कापले तर जखम भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावी, आतले कण काढावेत, जंतुनाशक लावावे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले ते आठवावे. या जखमा दिसायला किरकोळ, पण चिघळायला पटाईत. अण्णांची भरायला तीन आठवडे लागले. समुद्री साळू, म्हणजे काटेरी गोळा, पायात टोचला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवावा, वेदना पुष्कळ कमी होतात. प्रवाळ किंवा त्याचा तुकडा खिशात टाकून आणू नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे.

कोणी बुडता बुडता वाचला आणि शुद्धीत असेल तर त्याला बसते ठेवा. खोकला आणि धाप थांबली तरी सहा-आठ तास नजरेखाली ठेवा; पाणी आत गेलेल्या माणसाला उशिराही त्रास होऊ शकतो. बेशुद्ध असेल आणि श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मधोमध जोराने दाब : तीस दाबांमागे दोन श्वास, मदत येईपर्यंत. पोट दाबून, उलटे टांगून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. आपल्या खेड्यांत अजूनही हे करतात. पोटातले पाणी बाहेर येते आणि मधली मिनिटे वाया जातात.

मुख्याध्यापकांना मी हे सारे सांगितले. दोन जिने चढायला लावले. धाप लागली नाही. दाखल्यावर सही केली आणि खाली वेगळी ओळ लिहिली, 'रक्तदाब आहे, गोळ्या चालू.' घरी बादलीत तोंड बुडवून नळीने श्वास घ्यायचा सराव करा, असेही सुचवले, आणि शेवटी चाचरत मिशीचा विषय काढला. ते काही बोलले नाहीत, अर्ज घडी करून खिशात ठेवला.

परवा सकाळी फिरायला जाताना कोणीतरी नमस्कार केला. ओळखायला मला वेळ लागला. मिशी उतरवलेली होती.